मुतखडा निघाला, मूत्रपिंडाचे काय?

टावर चौकापासून फ्रीगंजच्या कोणत्याही दिशेला थोडे चालले, की एखादी पॅथॉलॉजी प्रयोगशाळा किंवा सोनोग्राफी केंद्र लागतेच. सायंकाळी चौकात साबुदाण्याच्या खिचडीच्या गाड्यांभोवती गर्दी जमू लागते, त्याच सुमारास या केंद्रांतून अहवालांची पाकिटे घेऊन माणसे बाहेर पडत असतात. मुतखड्याचे रुग्ण त्यांत नेहमीच असतात. लेसरने खडा फोडून घेतलेल्या रुग्णाच्या पाकिटात बहुधा दोन कागद असतात. सोनोग्राफीच्या कागदावर खडा दिसत नाही असे लिहिलेले असते आणि रक्ततपासणीच्या कागदावर क्रिएटिनिनच्या आकड्याशेजारी प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा असते. आकडा मर्यादेच्या आत असला की घरात पेढे वाटले जातात. या दुसऱ्या कागदाविषयी, म्हणजे तो काय सांगतो आणि काय सांगत नाही याविषयी, प्रस्तुत लेखात थोडे सविस्तर लिहावयाचे आहे.

बालरोगतज्ज्ञाने मुतखड्यावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. वास्तविक आपल्या देशात या रोगाचा इतिहास लहान मुलांपासूनच सुरू होतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरी विशेषतः बालकांना होते, असे स्पष्ट म्हटले आहे आणि बालकांचा मूत्राशय लहान व त्यावरील मांस अल्प असल्याने खडा हाती लागणे व काढणे सोपे जाते, असे कारणही दिले आहे. चिकित्सास्थानात तर शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास परिणाम अनिश्चित, म्हणून राजाची अनुमती घेऊनच वैद्याने शस्त्र हाती धरावे, अशी सूचना आहे. आज आपण ज्या संमतिपत्रावर सही घेतो त्याचा हा फार जुना पूर्वज म्हणावयास हरकत नाही. सुश्रुतांनी पाहिलेले खडे मूत्राशयातील होते. गरिबीच्या, दूध व प्रथिने कमी असलेल्या आहारामुळे मुलांच्या मूत्राशयात होणारे ते खडे आता पुष्कळ कमी झाले आहेत. त्यांची जागा मूत्रपिंडातील व मूत्रवाहिनीतील खड्यांनी घेतली आहे. मूत्राशयातील खडा यातना देतो खरा, पण मूत्रवाहिनीत अडकलेला खडा मूत्रपिंडाच्या तोंडालाच बूच बसवतो. म्हणून पूर्वी खडा निघाला की प्रश्न संपत असे. आता खडा निघाल्यावर मूत्रपिंडाचा प्रश्न शिल्लक राहतो.

प्रथम लेसरविषयी, कारण सर्वाधिक भीती त्याचीच असते. माझ्याकडे येणारे अनेक पालक मला विचारतात, की लेसरने किडनी जळत तर नाही? लेसरचा जन्म १९६०चा. मुतखड्यावर त्याचे प्रयोग त्याच दशकात झाले, पण व्यवहारात रुळला तो १९९०नंतर आलेला होल्मियम लेसर. याच्या किरणांची तरंगलांबी सुमारे २१०० नॅनोमीटर असते आणि ती पाणी फार वेगाने शोषून घेते. त्यामुळे तंतूच्या टोकापासून अर्धा मिलिमीटरही पुढे न जाता किरणाची शक्ती संपते. खड्याला टोक भिडलेले असेल तर खडा फुटतो. बाजूची ऊती सहसा सुरक्षित राहते. अलीकडे सुमारे १९४० नॅनोमीटरचा थुलियम फायबर लेसर आला आहे. तो पाण्यात याहूनही अधिक शोषला जातो आणि खड्याची बारीक भुकटी करतो. म्हणजे 'किरण मूत्रपिंडाला भाजतो' ही कल्पना जशी लोक समजतात तशी खरी नाही.

मात्र उष्णतेचा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो, आणि तो लहान मुलांत अधिक महत्त्वाचा आहे. हिशेब साधा आहे. २० वॅट शक्तीचा लेसर एक मिनिट चालला तर १२०० ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ती सारी १० मिलिलिटर स्थिर पाण्यात गेली, तर त्या पाण्याचे तापमान सुमारे २८ अंशांनी वाढेल. पाच वर्षांच्या मुलाच्या मूत्रपिंडाच्या पोकळीत १० मिलिलिटरही पाणी धड मावत नाही. ऊतींना ४३ अंशांच्या वर दीर्घकाळ ठेवणे धोक्याचे, हे उष्णतेच्या इजेविषयीच्या अभ्यासांतून आपल्याला ठाऊक आहे. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना सलाईनचा प्रवाह सतत वाहता ठेवतात आणि लेसर थांबत थांबत वापरतात. पण प्रवाह वाढवला की दाब वाढतो. बाहेर पडण्याची वाट अडलेली असेल तर सलाईनची पिशवी मूत्रपिंडापासून जितके सेंटिमीटर उंच, तितक्या सेंटिमीटर पाण्याचा दाब आत तयार होऊ शकतो. मूत्रपिंडातला नेहमीचा दाब बहुधा १५ सेंटिमीटरच्या आत असतो. तो ४०च्या पुढे गेला की लघवी आणि तिच्यातील जंतू उलटे रक्तात शिरू लागतात. शस्त्रक्रिया उत्तम झाली असतानाही त्याच रात्री रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. उष्णता टाळावी तर दाब, दाब टाळावा तर उष्णता, अशा या अडचणीतून शल्यविशारद मार्ग काढतो तो कमी शक्तीचा लेसर, मूत्रवाहिनीत बसवलेली रुंद नळी आणि आटोपशीर वेळ यांच्या साहाय्याने. माझे मूत्रशल्य-विशारद मित्र याविषयी माझ्याहून अधिकाराने लिहू शकतील. मी एवढेच म्हणेन, की योग्य हाती लेसरमुळे मूत्रपिंडाची गाळणक्षमता कायमची घटणे हे विरळा आढळते. उलट अडथळा दूर झाल्याने ती सुधारलेलीच अधिक वेळा दिसते.

मग मूत्रपिंड गमावले जाते ते कशामुळे? मुख्यतः अडथळा किती दिवस राहिला यामुळे. श्वानांवर १९७०च्या सुमारास झालेले प्रयोग आजही पाठ्यपुस्तकांत सांगितले जातात. एका बाजूची मूत्रवाहिनी पूर्ण बंद करून सात दिवसांनी मोकळी केली, तर मूत्रपिंडाचे कार्य पूर्ववत झाले. चौदा दिवसांनी मोकळी केल्यावर सुमारे ७० टक्केच परत आले, चार आठवड्यांनी ३० टक्के, आणि सहा आठवड्यांनी जवळजवळ काहीच नाही. माणसात अडथळा सहसा अपूर्ण असतो, त्यामुळे मुदत लांबते. पण दिशा तीच राहते. यात दगा देणारी गोष्ट अशी, की दीर्घ अडथळ्यात वेदना पुष्कळदा थांबते. पहिल्या दोन दिवसांत तडफडणारे मूल तिसऱ्या दिवशी खेळू लागते, घरचे म्हणतात 'पथरी' पडून गेली. (माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतही मुतखडा हा शब्द आता फक्त आजीच वापरते.) खडा पडताना कोणी पाहिलेला नसतो. कुळथाचे कढण, गोखरू, पाषाणभेद यांवर मला राग नाही. लहान खडा पाणी पिऊन पडतो तसा त्यांच्या सोबतीनेही पडतो. राग आहे तो सोनोग्राफी न करता त्यांच्यावर घालवलेल्या तीन महिन्यांवर. कळ आली की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन, पुन्हा कळ आली की पुन्हा इंजेक्शन, हाही असाच प्रकार. उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झालेल्या मुलाच्या अडलेल्या मूत्रपिंडाला हे औषध आणखी संकटात टाकते.

आता क्रिएटिनिनकडे वळू. क्रिएटिनिन स्नायूंतून निर्माण होते आणि मूत्रपिंडे ते गाळून टाकतात. स्नायू जितके कमी, तितके क्रिएटिनिन कमी. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर मात्र बहुधा प्रौढांचीच मर्यादा असते, १.२ किंवा तिच्या आसपास. बालकांची गाळणक्षमता अजमावण्यासाठी श्वार्ट्झ यांचे २००९ साली सुधारलेले सूत्र वापरतात: सेंटिमीटरमधील उंचीला ०.४१३ने गुणावे आणि क्रिएटिनिनने भागावे. १०० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.४ असेल तर उत्तर १०३ येते, म्हणजे उत्तम. त्याच मुलाचे ०.९ आले तर उत्तर ४६ येते, म्हणजे गाळणक्षमता निम्म्याहून खाली. आणि या ०.९पुढे प्रयोगशाळेचा तारा नसतो, ठळक अक्षर नसते, काही नसते. कागद 'नॉर्मल' असतो. व्यावसायिक मित्रांसाठी एक टीप: हे सूत्र एन्झायमॅटिक पद्धतीने मोजलेल्या क्रिएटिनिनसाठी आहे, जुन्या जाफे पद्धतीत लहान आकडे थोडे फुगून येतात. ती पद्धत असेल तर निष्कर्ष काढताना तेवढे भान ठेवावे, किंवा शंका असल्यास सिस्टॅटिन-सी करून पाहावे.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे आणि ती प्रौढांनाही तितकीच लागू पडते. मूत्रपिंडे दोन आहेत, रक्त मात्र एकच आहे. एक मूत्रपिंड मंदावले तर दुसरे त्याचे काम उचलते आणि क्रिएटिनिन जागचे हलत नाही. घरातील थोरला भाऊ धाकट्याचे कर्ज गुपचूप फेडत राहतो, तेव्हा सावकाराच्या वहीत सारे ठीकच दिसते.

काही वर्षांपूर्वी बडनगर रस्त्यावरील एका गावातून पाच वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. महिन्या-दोन महिन्यांनी ताप येतो, औषध घेतले की उतरतो, एवढीच तक्रार होती. दरवेळी ताप विषाणूचा ठरवला गेला होता. वजन वर्षभरात जेमतेम वाढले होते. बोलता बोलता आईने सांगितले, की सात महिन्यांपूर्वी एका मोठ्या शहरात लेसरने त्याच्या उजव्या मूत्रवाहिनीतील खडा काढला आहे, त्यानंतर रक्त तपासले होते आणि ते चांगले आले होते. मी पुन्हा तपासले. क्रिएटिनिन ०.५, उंची १०४ सेंटिमीटर. सूत्राने उत्तर ८६. किंचित कमी, पण कोणाची झोप उडावी असे नाही. लघवीत मात्र भरपूर पू-पेशी होत्या. सोनोग्राफीत उजवे मूत्रपिंड सुजलेले दिसले, आणि मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट दिसला.

स्टेंट म्हणजे खडा काढल्यानंतर सूज उतरेपर्यंत लघवीची वाट उघडी राहावी म्हणून ठेवलेली मऊ नळी. दोन्ही टोके वेटोळ्यासारखी वळलेली असतात, म्हणून ती जागेवर राहते. ती काही आठवड्यांत काढावयाची असते. तीन महिन्यांहून अधिक राहिली तर तिच्यावरच क्षारांचा थर चढतो, म्हणजे मुतखडा टाळण्यासाठी ठेवलेल्या वस्तूवर मुतखडा वाढतो. रुग्णालयातून मिळालेला कागद आईने जपून ठेवला होता. त्यावर खालच्या ओळीत, इंग्रजी आद्याक्षरांत, चार आठवड्यांनी नळी काढण्याची सूचना होती. ती सूचना कोणी तिला तिच्या भाषेत सांगितली नव्हती. नळी विरघळून जाते, अशी तिची समजूत झाली होती. लहान मुलांत नळी काढण्यासाठीही पुन्हा भूल द्यावी लागते, खर्च येतो, शेतीचे दिवस असतात. कळूनही टाळणारे पालक मी पाहिले आहेत. इथे तर कळलेच नव्हते. पुढे मोठ्या केंद्रात थर लेसरने फोडून नळी काढली. जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर तीन महिन्यांनी इंदूरला डीएमएसए स्कॅन केला. दोन मूत्रपिंडे साधारण निम्मे-निम्मे काम करतात. या मुलाच्या उजव्याचा वाटा होता २७ टक्के. त्या दिवशीही क्रिएटिनिन ०.५च होते.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की लेसरनंतर क्रिएटिनिनवर समाधान मानू नये. नळी काढल्यावर चार ते सहा आठवड्यांनी सोनोग्राफी झालीच पाहिजे, रुग्णाला काही त्रास नसला तरीही. क्वचित मूत्रवाहिनी आतून आकुंचन पावते आणि वेदना न होताच मूत्रपिंड फुगत जाते. फुगवटा दिसला तर कोणत्या बाजूचे काम किती आणि निचरा कसा, हे डीटीपीए किंवा ईसी स्कॅनने कळते. खडा फार दिवस अडकलेला होता किंवा ताप येऊन गेला असेल, तर डीएमएसए. आणि ताप असताना खडा फोडण्याची घाई करू नये, हे सर्वांनाच ठाऊक असावे असे आहे: अडथळा अधिक ताप म्हणजे पू साठलेले मूत्रपिंड असू शकते. आधी नळी घालून निचरा, प्रतिजैविके, आणि लेसर त्यानंतर. अशा वेळी 'आजच्या आज पथरी काढून टाका' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणाऱ्या नातेवाइकांना मी हात जोडतो.

नळीविना काम भागेल का, हा प्रश्न आपल्या शेजारच्या गुजरातेत विचारला गेला. नडियादचे मुळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालय १९७८ सालापासून आहे आणि उज्जैनहून रतलाम-गोध्रामार्गे तेथे जाणारे रुग्ण आपल्या सर्वांच्या परिचयाचे असतील. तेथील डॉ. महेश देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'मायक्रोपर्क' या पद्धतीचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. पाठीतून केवळ १.६ मिलिमीटर जाडीची सुई, तिच्यातूनच प्रकाश, दृष्टी आणि लेसरचा तंतू. याच चमूतील डॉ. रवींद्र सबनीस यांनी (आडनाव वाचून मराठी वाचकाला थोडी आपुलकी वाटेलच) २०१३ साली लहान खड्यांसाठी मायक्रोपर्क आणि मूत्रमार्गातून लवचीक दुर्बिणीने करावयाचा लेसर यांची तुलना प्रसिद्ध केली. खडे निघण्याचे प्रमाण सारखेच होते. सुईच्या पद्धतीत रक्त व वेदना थोड्या अधिक, तर मूत्रमार्गाच्या पद्धतीत स्टेंटची गरज अधिक. ज्या कुटुंबाला परत येणे कठीण आहे, त्याच्यासाठी स्टेंटचा मुद्दा वैद्यकीय तितकाच सामाजिकही आहे, आणि पद्धत निवडताना तो बोलला गेला पाहिजे.

एक गोष्ट मला बालरोगतज्ज्ञ म्हणून विशेष खटकते. काढलेला खडा कागदी पुडीत बांधून घरी देवघराशेजारी ठेवला जातो. तपासणीला पाठवला जात नाही. मुलाला खडा होणे हे प्रौढाइतके सामान्य नाही. त्यामागे लघवीत कॅल्शियम अधिक जाणे, सायट्रेट कमी असणे, सिस्टिन्युरिया किंवा प्राथमिक हायपरऑक्झाल्युरिया असू शकतो. शेवटच्या विकारात खडे कितीही कौशल्याने फोडले तरी ऑक्झलेट मूत्रपिंडातच साचून ते निकामी होते. २०२०पासून यावर लुमासिरान हे औषध मान्यता पावले आहे, फार महाग असले तरी. नात्यातील विवाह, भावंडात खडे, लहान वयात पहिला खडा, यांपैकी काहीही असेल तर मुळाशी जावे. आणि एक खडा आपणच तयार करतो: सेफ्ट्रियाक्झोनची मोठी मात्रा मिळालेल्या मुलांत हे औषध कॅल्शियमसह साचून पित्ताशयात व क्वचित मूत्रवाहिनीत खडे करते. ते बहुधा औषध थांबवल्यावर विरघळतात. इंजेक्शनांनंतर लघवी अचानक थांबलेल्या मुलात हे कारण आठवले, तर अनेक चाचण्या वाचतात.

आहाराविषयी आपल्याकडे उलटा कारभार आहे. खडा कॅल्शियमचा, म्हणून मुलाचे दूध बंद. इटलीतील बोर्गी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात कमी कॅल्शियमच्या आहारावरील पुरुषांत खडे पुन्हा झाले ३८ टक्क्यांना. नेहमीइतके कॅल्शियम पण कमी मीठ व कमी मांस घेणाऱ्यांत २० टक्क्यांना. कारण आतड्यात कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकळेपणी शोषले जाते. माळव्यात बंद करावयाचे ते दूध नव्हे, सेव. सकाळी पोह्यांवर सेव, दुपारी भाजीत सेव, संध्याकाळी नुसतीच सेव. या मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम वाहते. टोमॅटोच्या बिया फेकणारी आई मुलाच्या हातात रतलामी सेवेचे पाकीट देते, तेव्हा मी हसू आवरतो. पाण्याच्या खारेपणाला, बोअरला, नळाला दोष देण्याची सवय आहे. पण पाण्याच्या जातीपेक्षा त्याचे मोजमाप अधिक निर्णायक असते. मेमध्ये येथे पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. मुलींच्या बाबतीत याचे कारण विचारा. त्या सांगतील, शाळेतील स्वच्छतागृहात जाववत नाही म्हणून पाणीच पीत नाही. या उत्तरावर लिहून देण्यासारखे औषध माझ्यापाशी नाही; शाळेच्या पालकसभेत मात्र मी हा विषय काढतो.

बडनगर रस्त्यावरील तो मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. त्याला पोटॅशियम सायट्रेट चालू आहे, कारण तपासणीत सायट्रेट कमी निघाले. वर्षातून एकदा उंची, रक्तदाब, लघवीतील प्रथिने व सोनोग्राफी होते. डावे मूत्रपिंड वयाच्या मानाने मोठे झाले आहे, उजवे लहानच राहिले आहे. नवा खडा झालेला नाही.

संस्थेच्या सदस्यांपुढे दोन छोट्या सूचना ठेवतो. आपल्या आरोग्य शिबिरात मुलांची रक्ततपासणी होते, तेथे कागदावर उंचीचा रकाना असावा आणि शेजारी गाळणक्षमतेचे उत्तर काढून लिहावे. त्याला अर्धे मिनिट लागते. आणि आपल्यापैकी ज्यांच्याकडे स्टेंट बसवलेला रुग्ण येईल, मग तो तापासाठी येवो की लसीसाठी, त्यांनी नळी काढण्याची तारीख रुग्णाच्या पुस्तिकेवर पहिल्या पानावर, हिंदीत किंवा मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावी आणि खाली आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा.